पहिला धडा : ‘हो’ आणि ‘नको’

ज्या मुलाला बसता येत नाही, बोलता येत नाही आणि समजायलाही वेळ लागतो, त्याला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न रोजचा आहे. आणि त्याचं उत्तर वाटतं तेवढं अवघड नाही...

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ तुमच्या ऑफिसात एखादा परभणीकर असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. मग पाठोपाठ तिथल्या उन्हाळ्याचे किस्से येतात, कृषी विद्यापीठ येतं, उरूस येतो, गंगाखेडची जनाबाई येते. गप्पा रंगतात. पण याच जिल्ह्यातल्या काही मुलांचा विषय गप्पांत कधीच निघत नाही. कारण ती मुलं कुणाला दिसतच नाहीत. ती शाळेच्या पटावर असतात, पण वर्गात नसतात. ती घरात असतात, बाजेवर.

२०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या साधारण १८ लाख ३६ हजार होती. नऊ तालुके, आणि दोन तृतीयांशाहून जास्त माणसं खेड्यात. त्याच जनगणनेत देशभरात २ कोटी ६८ लाख लोक अपंग म्हणून नोंदले गेले. त्यातल्या सुमारे २१ लाखांना एकापेक्षा जास्त अपंगत्वं होती. म्हणजे हात-पाय साथ देत नाहीत, शिवाय आकलन कमी. किंवा ऐकू येत नाही, शिवाय दिसतही नाही. सरकारी भाषेत याला ‘बहुविकलांग’ म्हणतात. गावात म्हणतात, ‘त्याला काही कळत नाही.’

खरा लोचा इथेच सुरू होतो. कळत नाही हे ठरवलं कुणी?

भेटा गुड्डीला

समजा, पालम तालुक्यातल्या एका छोट्या गावात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिला आपण गुड्डी म्हणू. ही गुड्डी कुणी एक मुलगी नाही. अशा अनेकींचं चित्र एकत्र करून काढलेली आहे. जन्मल्यावर ती लगेच रडली नाही. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूच्या काही भागाला इजा झालीय. वेळेआधी जन्म, जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, खूप वाढलेली आणि वेळेत उपचार न झालेली कावीळ ही त्याची नेहमीची कारणं. हजार जन्मांत साधारण दोन-तीन बाळांना हे होतं. ना कुणाचा शाप, ना ग्रहणात काही चिरल्याचा परिणाम!

गुड्डीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. हात मुठीत आवळलेले. बोलायला गेली की आवाज निघतो, शब्द निघत नाही. मधूनमधून फिट येते. त्यामुळे ती दिवसभर आडवी असते. आता एक प्रयोग करून बघा. येत्या रविवारी सकाळी गादीवर उताणे पडा आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहा. टीव्ही नाही, मोबाइल नाही. काय दिसेल? छत! गुड्डीनं नऊ वर्षं मुख्यतः छतच पाहिलंय. मग तिला भाजी, कुत्रा, रस्ता, पाऊस यातलं किती कळणार? मेंदूला इजा झाली तो भाग वेगळा. अनुभवच मिळाला नाही, हा भाग आपण केलेला.

आई-वडिलांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो, ‘मॅडम, लेकरू कधी चालंल?’ त्यासाठी नांदेड, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), हैदराबाद असे दवाखाने होतात. मालिशवाले होतात, नवस होतात, कर्ज होतं. आणि ‘चालणार नाही’ हे एकदा पक्कं झालं, की सगळेच हात टेकतात. चालणार नसेल, तर शिकून काय उपयोग?

आधी बसवा, मग शिकवा

स्पेशल एज्युकेटर म्हणजे विशेष शिक्षक अशा घरी येतो, तेव्हा पाटी-पेन्सिल काढत नाही. आधी बसायचं बघतो. कारण साधं आहे. पाठीला आधार मिळाला, कंबर आणि गुडघे काटकोनात आले, तळवे जमिनीवर टेकले, की शरीराचा ताण उतरतो. ताण उतरला की मान स्थिर होते, नजर एका जागी राहते, मूठ थोडी उघडते. मगच शिकणं सुरू होतं.

त्यासाठी ‘कॉर्नर चेअर’ नावाची खास खुर्ची मिळते. पण नसली तर? घराचा कोपरा आहे ना! दोन भिंतींच्या कोपऱ्यात मुलाला बसवायचं, दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या, मांड्यांच्या मध्ये एक छोटी उशी, म्हणजे पायांची कात्री होत नाही. समोर पाट उंचावर ठेवला की टेबल तयार. खर्च शून्य. गावचा सुतार हाताशी असेल, तर माप देऊन लाकडी खुर्चीही होते.

दुसरा धडा जेवणाचा. आडवं झोपवून भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, ठसका लागतो, आणि त्यातून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. म्हणून बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमचा. एक घास गिळून झाला की मगच दुसरा. पाच मिनिटांचं काम अर्धा तास घेतं. शेतावर जायच्या घाईत असलेल्या माउलीला हा अर्धा तास कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच. पण हाच अर्धा तास गुड्डीची शाळा ठरू शकतो.

कसा? समोर दोन वाट्या धरायच्या. एकीत वरण-भात, दुसरीत दूध-भाकरी. ‘काय पाहिजे?’ आणि थांबायचं. आपण थांबत नाही, हीच तर गोची आहे! अशा मुलाला उत्तर द्यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला घास कोंबतो. थांबलं की एक दिवस तिची नजर एका वाटीकडे जाते. तिकडची वाटी तिला द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू तिला कळतं, की आपण बघितलं की काहीतरी घडतं.

हा तिचा पहिला धडा. ‘हो’ आणि ‘नको’. ग म भ न त्यानंतर.

छोटी पायरी, मोठी गोष्ट

तुमच्या कंपनीत टार्गेट असतात ना? तशी इथेही असतात. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा केला जातो. त्याला ‘वैयक्तिक शैक्षणिक आराखडा’ म्हणतात. त्यात ‘गुड्डी हुशार होईल’ असलं काही लिहीत नाहीत. लिहितात ते असं : येत्या तीन महिन्यांत, दोन वस्तू समोर धरल्यावर पाचपैकी चार वेळा ती नजरेनं निवड करेल. मोजता येईल असं टार्गेट, ठरलेली मुदत. अप्रेझल करणाऱ्यांनी शिकावं असं!

मोठं काम असेल तर त्याचे तुकडे पाडायचे. सदरा घालणं हे आपल्याला एक काम वाटतं. प्रत्यक्षात त्यात डझनभर पायऱ्या आहेत. आणि गंमत म्हणजे शिकवताना बऱ्याचदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. सदरा आईनं घालायचा, फक्त शेवटी खाली ओढायचं काम मुलानं करायचं. म्हणजे ‘मी घातला!’ हा आनंद पहिल्याच दिवशी त्याला मिळतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. काही मुलांना सगळ्या पायऱ्या जमायला वर्षं लागतात, काहींना सगळ्या जमतही नाहीत. पण जेवढ्या जमतील तेवढ्या त्याच्या स्वतःच्या.

बोलता न येणाऱ्या मुलासाठी वस्तूंची भाषा असते. आंघोळीच्या आधी रोज तोच मग हातात द्यायचा, बाहेर जायच्या आधी तीच चप्पल. पुढे वस्तूऐवजी फोटो, फोटोऐवजी चित्रांचा तक्ता. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी स्पर्शाची भाषा. शिक्षक आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतो आणि दोघं मिळून वस्तू चाचपतात. मुलाचा हात धरून ओढायचा नाही, त्याला सोबत न्यायचं. ‘ब्लॅक’ सिनेमा २००५ मध्ये आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ही दुनिया पहिल्यांदा पाहिली. फक्त सिनेमातलं शिकणं दोन तासांत दिसतं, इथे एका शब्दाला सहा महिने लागू शकतात.

या पद्धती बाहेरून उचलून आणलेल्या आहेत, असंही नाही. बौद्धिक अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली. म्हणजे परभणीहून रेल्वेनं गाठता येईल अशा अंतरावर! मुलाला काय जमतं आणि पुढे काय शिकवायचं हे ठरवायच्या तिच्या तपासणी-याद्या देशभरातल्या विशेष शाळांत वापरल्या गेल्या आहेत. जवळच लातूरच्या शेजारी हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र उभं राहिलं. मराठवाड्यात काहीच नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

तीन मुलांची शाळा

‘पण एवढं करून होतं काय?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर मालिनी चिबची गोष्ट ऐकाच.

मालिनीचा जन्म १९६६चा. सेरेब्रल पाल्सी. कोलकात्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की फारसं काही करता येणार नाही. आई मिठू अलूर तिला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे ती शाळेत जायला लागली, आणि आईनं स्वतः विशेष शिक्षणाचं ट्रेनिंग घेतलं. परत आल्यावर मुंबईत तिच्यासाठी शाळाच नव्हती. मग १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ काढली. कुलाब्यात शाळा सुरू झाली, मुलं तीन. नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. हीच संस्था आज ‘अडॅप्ट’ नावानं ओळखली जाते.

आणि मालिनी? झेवियर्समधून तिनं पदवी घेतली. लंडनला जाऊन दोन मास्टर्स डिग्र्या केल्या. मुंबईत पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रमांचं आयोजन करायची नोकरी केली. तिचं बोलणं नवख्याला कळत नाही, पण एका करंगळीनं ती टाइप करते. त्या एका करंगळीनं लिहिलेलं तिचं आत्मचरित्र २०१० मध्ये आलं, आणि नावही तेच, ‘वन लिटल फिंगर’. २०१४ चा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा सिनेमा तिच्याच आयुष्यावरून सुचलेला.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. प्रत्येक गुड्डी मालिनी होणार नाही. मालिनीचं डोकं तल्लख, अडचण शरीराची. गुड्डीच्या दोन्हीकडे अडचण. शिवाय मालिनीच्या घरी इंग्लंडला जायची ऐपत होती. गुड्डीच्या घरी दिवाळीनंतर अर्धं घर ऊसतोडीला जातं. तिला फडावर न्यायचं की म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. त्यामुळे दोघींची तुलना नको. पण एक गोष्ट सारखी आहे. शिकवून बघेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, की आतमध्ये काय आहे.

घरी शिक्षण : हक्क की पळवाट?

कायदा या मुलांच्या बाजूनं आहे. एकदम क्लिअर! १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६च्या कायद्यात ती २१ झाली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला.

लक्षात घ्या, ‘पर्याय’. म्हणजे निवड पालकांची आणि मुलाची. आजारी, फार अशक्त, प्रवास न झेपणाऱ्या मुलाला हा पर्याय म्हणजे वरदान. नाहीतर ते पूर्णच शाळेबाहेर राहिलं असतं. पण हाच पर्याय शाळेला फार सोयीचाही पडू शकतो. ‘याला घरीच शिकवू’ म्हटलं की रॅम्पचा प्रश्न मिटला, टॉयलेटचा मिटला, ‘वर्गात ओरडला तर?’ हाही मिटला. पटावर नाव आहे, आकडा बरोबर आहे. मात्र त्या मुलानं दुसरं मूल पाहिलेलंच नाही!

मधला रस्ता आहे. चार दिवस घरी, एक दिवस शाळेत. सुरुवातीला फक्त प्रार्थना आणि मधली सुटी. शाळेतली दोन-तीन मुलं आळीपाळीनं त्याच्या घरी खेळायला. खिचडी सगळ्यांबरोबर. याला फंड लागत नाही. लागते ती मुख्याध्यापकांची इच्छा आणि घरापासून शाळेपर्यंत ढकलता येईल अशी एक व्हीलचेअर.

एक मॅडम, किती गावं?

घरी शिकवायला येणारी मॅडम किंवा सर तालुकाभर फिरतात. एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून फार तर एखादा तास. तेवढ्यात मूल शिकत नाही. म्हणून खरा विद्यार्थी असतो मुलाची आई. मॅडम आईला शिकवतात, आई लेकराला. मॅडमचा तास संपला तरी आंघोळ, जेवण, कपडे असे रोजचे दहा तास तिच्या हातात उरतात.

या विशेष शिक्षकांची स्वतःची कहाणीही काही सुखाची नाही. वर्षानुवर्षं कंत्राट, दरवर्षी नूतनीकरणाचं टेन्शन. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. पुढे केंद्रानं ते ठरवलं : प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण पद कागदावर निर्माण होणं आणि पालमच्या वाडीत मॅडमची गाडी पोहोचणं, यात बरंच अंतर असतं.

आणि पैसा? २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली, तेव्हा विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. महिन्याला भागा. तीनशेच्या आत! मल्टिप्लेक्समध्ये एका पॉपकॉर्नच्या टबाला किती पडतात, आठवा.

‘आमच्यानंतर काय?’

या घरांत एक प्रश्न रात्री विचारला जातो, दिवे मालवल्यावर. आपण गेल्यावर हिचं कोण करेल?

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं याचा थोडा विचार केलाय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी हा कायदा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पालकत्व लागणार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. जमीन नावावर करायची असो, बँक खातं असो, हा कागद लागू शकतो. कितीतरी घरांना ही समिती आहे हेच ठाऊक नसतं. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही आहे.

पण कागदाइतकंच महत्त्वाचं आहे शिक्षण. कसं ते बघा. उद्या गुड्डीला काकू सांभाळणार असेल. गुड्डी कोपऱ्यात नीट बसत असेल, चमच्यानं खात असेल, लघवीला आली की खूण करत असेल, दुखलं तर तक्त्यावरच्या चित्राकडे बघत असेल, तर काकूला ती जड होणार नाही. आणि कुणी तिच्याशी वाईट वागलं, तर तिच्याकडे ‘नको’ हा शब्द असेल. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्याशी जग कसंही वागतं. वाट्यांपासून सुरू झालेला तो धडा इथे येऊन पोहोचतो.

तुम्ही काय करू शकता?

* गावाकडे असं मूल माहीत असेल, तर आधी विचारा : युडीआयडी कार्ड काढलंय का? जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्ज भरून द्यायचं काम तुम्ही पुण्यात बसूनही करू शकता.

* मूल सहा वर्षांच्या आतलं असेल, तर थांबू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात लवकर निदान आणि उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची सोय आहे. जेवढं लवकर, तेवढं बरं.

* व्हीलचेअर दान करायची हौस असेल, तर आधी माप घ्या. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान मूल घसरतं आणि पाठ वाकडी होते. केंद्राच्या योजनेतून शिबिरांत मापाची साधनं मिळतात, त्याची तारीख गावात पोहोचवा.

* करिअर बदलायचा विचार आहे? विशेष शिक्षणात डी.एड., बी.एड. करता येतं. कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच हवा. पगार आयटीचा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

* आणि सगळ्यात सोपं. अशा मुलाच्या घरी गेलात, तर आईशी बोलण्याआधी मुलाशी बोला. त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसा. प्रश्न विचारा. आणि मग पंधरा सेकंद थांबा.

उत्तर येईल. कदाचित फक्त डोळ्यांतून येईल. पण ते तुमच्याकडे पाहिलं जात असताना चुकवू नका.